आधी घरफाळ्याचं बिल काढा, मग उमेदवाराशी बोला

१५ जानेवारी २०२६ ला कोल्हापूर महापालिकेचं मतदान आहे. त्यानंतर बरोबर छत्तीस दिवसांनी २० फेब्रुवारी येते. या तारखेचं कुठं पोस्टर लागत नाही, पण आपल्या खिशाच्या दृष्टीनं ती मतदानाइतकीच मोठी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या आर्थिक वर्षाचे कराचे दर महासभेनं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आयुक्त प्रस्ताव मांडतात, तो स्थायी समितीतून महासभेपुढे जातो आणि तिथं हात वर होतात. म्हणजे आज दारात हात जोडून उभा असलेला माणूस निवडून आला, तर त्याच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक काम तुमच्या घरफाळ्याचा, म्हणजे मालमत्ता कराचा, दर ठरवणं हे असेल. यंदा सभागृह जमायला, महापौर निवडायला, स्थायी समितीची माणसं नेमायला जेमतेम काही दिवस मिळतील. निवडून आल्यावर अभ्यास करू म्हणणाऱ्याला त्यासाठी वेळच उरत नाही. ज्याला हा विषय आज कळत नाही, तो त्या दिवशी गटनेता सांगेल तसा हात वर करणार.

गेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासकच प्रस्ताव मांडतोय आणि प्रशासकच तो मंजूर करतोय. पाच वर्षं आपल्या कराच्या दरावर आपण निवडून दिलेल्या एकाही माणसानं मत दिलेलं नाही. म्हणून या वेळचं मत गल्लीतला रस्ता, कोपऱ्यावरचा दिवा, तालमीचं बांधकाम एवढ्यावर संपू नये असं मनापासून वाटतं.

आता महापौराचं. चौकाचौकात ‘महापौर कोण होणार’ हीच चर्चा आहे, पण महापौर तुमच्या मतदान यंत्रावर नाही. आपण ८१ नगरसेवक निवडतो आणि ते आपल्यातून महापौर निवडतात, तेही हात वर करून. पद अडीच वर्षांचं असतं आणि कुठल्या प्रवर्गासाठी राखीव हे सोडतीनं ठरतं. त्यामुळे ‘आमचा महापौर अमुक’ असं मतदानाआधी कुणी सांगत असेल, तर त्या प्रवर्गाचं आरक्षण पडेल आणि त्याच्या आघाडीकडे ४१ हात असतील, ही दोन गृहीतकं त्यात दडलेली आहेत. कोल्हापुरात तिसरी गोष्टही धरावी लागते, ती म्हणजे पदाची खांडोळी. अडीच वर्षांचं पद काही महिन्यांच्या तुकड्यांत वाटून घेण्याची आपल्याकडे जुनी सवय. गेल्या सभागृहाच्या पाच वर्षांत या खुर्चीवर पाचाहून जास्त जण बसून उठले.

खांडोळीचा थेट फटका अर्थसंकल्पाला बसतो. महापालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत प्रस्ताव तयार होतात, फेब्रुवारीत दर ठरतात, ३१ मार्चच्या आत अंदाजपत्रक मंजूर होतं, एप्रिलपासून निविदा, पावसाळ्यानंतर प्रत्यक्ष काम. जून ते नोव्हेंबर खुर्चीवर बसलेल्या महापौराला यातलं काहीच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळत नाही. म्हणून महापौरपदाचं नाव कुठल्या पक्षाकडून पुढं येतंय यापेक्षा त्या पक्षाला एवढंच विचारा, की अडीच वर्षं एकच माणूस ठेवणार का. हे लेखी द्यायला कुणी तयार नसेल, तर त्या चर्चेला फार किंमत देऊ नका.

शिवाय महापौराच्या हातात कार्यकारी अधिकार नसतात. ते आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकारचे अधिकारी. महापौर सभा चालवतो, मतं समान पडली तर निर्णायक मत देतो, विषयपत्रिकेवर वजन वापरतो. पैशाच्या मंजुऱ्यांचं खरं ठिकाण म्हणजे १६ जणांची स्थायी समिती. तिचे निम्मे सदस्य दर वर्षी बदलतात. तुमच्या प्रभागातला उमेदवार महापौर होईल की नाही याची काळजी कमी करा. तो स्थायीवर गेला तर काय वाचून सही करेल, याची जास्त करा.

तर आता बिल काढा. कपाटात, फाइलीत, देवघराच्या फडताळात जिथं असेल तिथून. मागच्या वर्षाचंही चालेल.

पहिल्यांदा पत्ता बघा. बिलावर ए, बी, सी, डी, ई असा वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर असतो. हे शहराचे जुने महसुली वॉर्ड. निवडणुकीचा प्रभाग वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. यंदा २० प्रभाग आहेत आणि एकट्या ई वॉर्डातल्या मिळकती त्यातल्या अनेक प्रभागांत विखुरल्यात. बिलावरचा वॉर्ड बघून आपला उमेदवार शोधू नका, मतदार यादीतला प्रभाग क्रमांक बघा. उलट घरफाळ्याची तक्रार द्यायची असेल तेव्हा प्रभाग सांगून उपयोग नाही. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी तुमची मिळकत कुठल्या कार्यालयाकडे येते ते लागतं.

मग नाव. विकत घेतलेल्या फ्लॅटवर अजून बिल्डरचं नाव, वारलेल्या आजोबांचं नाव, वीस वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव, हे आपल्या पेठांमध्ये सर्रास दिसतं. प्रॉपर्टी कार्डावर नाव लागलं म्हणजे घरफाळ्याला आपोआप लागतं असा समज आहे, तो चुकीचा. दोन्ही दप्तरं वेगळी, अर्जही वेगळे. घरफाळ्याची पावती मालकीचा पुरावा ठरत नाही हेही याच ओघात लक्षात ठेवा.

यानंतर खरा भाग येतो, आकारणीचा. आपल्याकडे घरफाळा भांडवली मूल्यावर आहे. ढोबळमानाने गणित असं: क्षेत्रफळ गुणिले रेडीरेकनरचा, म्हणजे मिळकतीच्या सरकारी बाजारभावाचा दर, त्याला बांधकामाचा प्रकार, वापर आणि इमारतीचं वय यांचे भारांक (गुणायचे आकडे), आणि येणाऱ्या रकमेवर कराचा टक्का. पुढचे आकडे फक्त गणित समजण्यासाठी घेतलेत, प्रत्यक्ष दर तुमच्या बिलावरूनच घ्यायचा.

समजा ६५ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ७०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे. रेडीरेकनर ४०,००० रुपये चौरस मीटर धरू. मूल्य झालं २६ लाख. आरसीसी आणि राहता वापर यांचा भारांक १, इमारत जुनी म्हणून वयाचा भारांक ०.८. मूल्य २० लाख ८० हजारांवर आलं. कराचा एकूण टक्का ०.३ धरला तर वर्षाचा घरफाळा ६,२४० रुपये. आता याच गणितात एकेक चूक घालून बघा. वयाचा भारांक लावायचा राहिला, तर ७,८०० रुपये, म्हणजे १,५६० रुपये जादा. कार्पेटऐवजी (भिंतींच्या आतलं क्षेत्र) बिल्टअप (भिंतींसह) मोजून ६५ चे ७८ चौरस मीटर धरले, तर ७,४८८. दोन्ही चुका एकदम झाल्या तर ९,३६०, म्हणजे मूळ कराच्या दीडपट. यातल्या एकाही चुकीत कुणी ‘करवाढ’ केलेली नाही. सभेत ठराव नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. म्हणून ‘घरफाळा वाढवू देणार नाही’ या घोषणेनं हुरळून जाऊ नये. दर तसाच ठेवून बिल वाढवायचे चार रस्ते आहेत: मोजणी बदलणं, रेडीरेकनरचं आधार वर्ष पुढं सरकवणं, वापर बदलून दाखवणं आणि भारांक हलवणं. रेडीरेकनर राज्य सरकार ठरवतं आणि १ एप्रिल २०२५ पासून तो राज्यभर सुधारला गेला. पण घरफाळ्यासाठी कुठल्या वर्षाचा रेडीरेकनर धरायचा, हा महापालिकेच्या पातळीवर विचारण्याचा प्रश्न आहे. उमेदवाराला नेमका हाच विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर राग धरू नका, पण दोन दिवसांत माहिती काढून परत येतो का, ते जरूर बघा.

बिलाच्या खालच्या अंगाला करांची यादी असते. सर्वसाधारण कर, पाणी आणि मलनिस्सारणाशी जोडलेले कर, अग्निशमन, वृक्ष कर, शिक्षण कर अशी. यातले राज्य शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे महापालिका सरकारसाठी गोळा करते. रोजगार हमी कर बिगर निवासी मिळकतीलाच लागतो. राहत्या घराच्या बिलावर तो दिसला, तर तुमच्या घराची नोंद कुठंतरी व्यापारी म्हणून झाली आहे, असं समजून लगेच वापराचा रकाना तपासा. पाणीपट्टीचं मीटरचं बिल वेगळं येतं. घरफाळ्यातला पाण्याशी संबंधित कर आणि पाणीपट्टी या दोन गोष्टी आहेत. प्रचारसभेत त्या एकाच वाक्यात मिसळल्या जातात आणि ऐकणाऱ्याला काय कमी होणार हेच कळत नाही.

वापराच्या रकान्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पुढच्या वर्षा-दोन वर्षांत सगळ्यात जास्त तक्रारी इथंच होतील. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सीपीआर रुग्णालयाच्या समोरच्या भागापासून आसपासच्या पेठांपर्यंत राहत्या जागांना वकिलांच्या कार्यालयाची मागणी येणं साहजिक आहे. फ्लॅटची एक खोली कार्यालयासाठी दिली, तर वापर अंशतः बदलतो आणि आकारणीही. पूर्ण फ्लॅट बिगर निवासी धरला जाऊ नये यासाठी किती चौरस मीटर कशासाठी वापरतो याचा साधा नकाशा आणि भाडेकराराची प्रत अर्जाला जोडून आधीच कळवणं शहाणपणाचं. उलटही घडतं. तळमजल्यावरचं दुकान बंद करून तिथं मुलाचं बिऱ्हाड थाटलं, तरी बिल दुकानाचंच येत राहतं, कारण बदल कुणी कळवलेला नसतो. कर्मचारी येऊन बघेल म्हणून थांबलात, तर दरम्यानची वर्षं तुमच्या अंगावर.

चूक सापडली तर काय करायचं? नवी किंवा वाढीव आकारणी करताना नोटीस येते आणि तिच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते. ती मुदत सोडू नका, बाकी सगळं नंतर. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, खरेदीखत आणि जुनं बिल यांच्या प्रती जोडा, सुनावणीला स्वतः जा. ‘घरफाळा जास्त वाटतो’ असं मोघम लिहिलेला अर्ज हमखास पडून राहतो. ‘क्षेत्रफळ ७८ ऐवजी ६५ असावं, मंजूर नकाशाची प्रत जोडली आहे’ असा अर्ज फेटाळायलाही कारण लिहावं लागतं. निकाल पटला नाही तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे. ते १५ दिवसांत करावं लागतं, आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागितलेली रक्कम भरावी लागते. या तीन अटींपैकी बहुतेक जण पहिल्याच अटीवर अडकतात.

आणि भरणं थांबवू नका. वादातलं बिल भरायचं नाही असा आपल्याकडे बाणा असतो, पण मुदत उलटली की दरमहा दोन टक्के दंड सुरू होतो. १०,००० रुपयांची थकबाकी चार वर्षं ठेवली, तर ४८ महिन्यांचे ९६ टक्के, म्हणजे ९,६०० रुपये दंडाचेच. अर्जावर ‘हरकत राखून भरणा’ असं लिहून रक्कम भरा, हरकत कायम राहते. बिल दोन सहामाहींचं असतं, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरपासूनचं. आगाऊ भरणाऱ्याला सवलत किती आणि कधीपर्यंत, ते त्या वर्षीच्या बिलावर वाचा.

एवढं स्वतःचं बिल कळलं की आश्वासनं तपासणं सोपं जातं.

सध्या सगळ्यात गोड आश्वासन म्हणजे पाचशे चौरस फुटांपर्यंत घरफाळा माफ. ते मुंबईवरून आलंय. मुंबईत २०१९ मध्ये आधी फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीचे कर बिलात येतच राहिले. पूर्ण माफी २०२२ मध्ये मिळाली. म्हणून इथं माफी म्हणणाऱ्याला विचारायचं: बिलातली नेमकी कुठली ओळ माफ? राज्य शिक्षण कर महापालिकेला माफ करता येत नाही. पाचशे फूट कार्पेट की बिल्टअप? एका मालकाचे दोन फ्लॅट असतील तर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती तूट कुठून भरणार?

तुटीचा प्रश्न कोरडा वाटतो, पण शहराची सगळी ओढाताण त्यातच आहे. महापालिकेच्या हातात पूर्वी जकात होती, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तो दरवाजा पूर्ण बंद झाला. आता राज्य सरकार दरमहा भरपाई देतं आणि कायद्यानं ती दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढते. हा पैसा बराचसा पगार-पेन्शनकडे वळतो. महापालिकेच्या स्वतःच्या हातात उरतं काय? घरफाळा, पाणीपट्टी, नगररचनेचं विकास शुल्क आणि स्वतःच्या गाळ्यांचं भाडं. विकास शुल्क बांधकामाच्या तेजी-मंदीवर हलतं, गाळ्यांचं भाडं वर्षानुवर्षं वादात असतं. भरवशाचा म्हणावा असा एकच झरा, घरफाळा.

त्यावर आणखी अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाचं (२०२१-२६) केंद्राकडून येणारं अनुदान मिळण्यासाठी मालमत्ता कराचे किमान दर जाहीर झालेले असावे लागत, आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या सरासरी वेगाच्या बरोबरीनं वाढलेली दाखवावी लागे. सरसकट माफी देऊन वसुली घसरली, तर केंद्राचा असा पैसाही हातचा जाऊ शकतो. हे माहीत असूनही माफी जाहीर करणारा उमेदवार आपली दिशाभूल करतोय आणि माहीत नसलेला उमेदवार सभागृहात बसायला तयार नाही, असं स्पष्ट मत आहे.

दुसरं आश्वासन दंडमाफीचं. एकदाच, मुदतीसह, जुनी वसुली मोकळी करण्यासाठी दंडात सवलत दिली तर तिचा उपयोग होतो. पण दर वर्षी सवलत येणार हे कळलं की लोक मार्चची वाटच बघतात आणि एप्रिलमध्ये रांगेत उभं राहून भरणारा पेन्शनर मूर्ख ठरतो. सवलत द्यायचीच तर मोठ्या व्यापारी थकबाकीदाराला वगळून द्या, असं म्हणणारा एखादा उमेदवार भेटला, तर त्याचं जरूर ऐकून घ्या.

दर न वाढवता उत्पन्न वाढवायचा खरा मार्ग म्हणजे ज्या मिळकतींना घरफाळा लागलेलाच नाही किंवा वाढीव मजला, पत्र्याचं शेड, बंदिस्त पार्किंग यांची नोंद नाही, त्या शोधणं. हा मार्ग नगरसेवकाला नकोसा असतो, कारण नोंद न झालेला मजला त्याच्याच मतदाराचा निघतो. अनधिकृत बांधकामावर कलम २६७-अ खाली शास्तीची तरतूद आहे. तुमच्या प्रभागात सर्वेक्षणाचं पथक आलं तर तुम्ही सोबत फिराल की फोन करून परत पाठवाल, असं उमेदवाराला समोरासमोर विचारा. शब्दांपेक्षा चेहऱ्यावर उत्तर जास्त मिळतं.

खर्चाच्या बाजूनं पाणी. दुधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणापासूनची थेट पाईपलाईन सुमारे ४८८ कोटींच्या योजनेतून, जवळपास ५३ किलोमीटर अंतर कापून, नोव्हेंबर २०२३ मध्ये पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचली. आंदोलनं करून, दशकं वाट बघून मिळालेलं हे पाणी आहे आणि त्याचा आनंद खराच होता. पण पुईखडीपासून तुमच्या नळापर्यंतचं काम वेगळं. टाक्या, वितरणाच्या जुन्या वाहिन्या, गळती. शिवाय दुधगंगेचं पाणी पंपानं उचलावं लागतं, म्हणजे विजेचं बिल कायमचं. पंप किंवा वीज बंद पडली की शहर पुन्हा शिंगणापूर, बालिंगा या जुन्या उपशाकडे बघतं, म्हणून ती केंद्रं चालू स्थितीत ठेवायचा खर्चही सोडता येत नाही. ‘चोवीस तास पाणी’ म्हणणाऱ्याला प्रश्न एकच: गळती मोजायला प्रभागाच्या तोंडाला मीटर कधी बसणार? मोजणीशिवाय चोवीस तास पाणी सोडलं, तर गळतीही चोवीस तास आणि तिचा भार पाणीपट्टीवर.

सांडपाण्याचं तसंच. कसबा बावड्याला ७६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) आणि दुधाळीला १७ एमएलडीचं शुद्धीकरण केंद्र आहे. तरी पंचगंगेत मैलामिश्रित पाणी जातं त्याचं मोठं कारण म्हणजे नाले अडवून ते पाणी केंद्रापर्यंत उचलण्याची साखळी कुठंतरी तुटते. जयंती नाल्यावरचा पंप बंद पडला की केंद्र कितीही मोठं असलं तरी उपयोग नाही. नवीन केंद्राचं भूमिपूजन करू म्हणणाऱ्यापेक्षा पंपांच्या देखभालीचा ठेका कुणाकडे आहे हे विचारणारा नगरसेवक जास्त कामाचा.

हद्दवाढीवर प्रत्येक जण ‘हो’ म्हणेल, कारण शहरातल्या मतदाराला ते ऐकायचं असतं. १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द सुमारे ६७ चौरस किलोमीटरवरच अडली आहे. भोवतालच्या गावांचा विरोध कराच्या भीतीतून आहे, आणि ती भीती खोटी नाही. हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांचं नागरी विकास प्राधिकरण आलं आणि प्रश्न तिथंच राहिला. नव्यानं आलेल्या गावांचा कर टप्प्याटप्प्यानं शहराच्या दरापर्यंत नेण्याची तरतूद कायद्यात आहे. उचगाव, पाचगाव, कळंब्यातल्या लोकांना ती समजावून सांगायला तुम्ही कधी गेला होता का, हा खरा प्रश्न. शहरात बसून हद्दवाढीची घोषणा द्यायला काही लागत नाही.

उमेदवाराची स्वतःची कागदपत्रंही बघा. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण यांचं शपथपत्र राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बघायला मिळतं. अर्ज भरताना थकबाकी नसल्याचा दाखला काढतात, पण तो दाखला आजची बाकी शून्य आहे एवढंच सांगतो. पाच वर्षांच्या पावत्या मागा, तारखा बघा. दर वर्षी जूनआधी भरणारा आणि अर्जाच्या आदल्या दिवशी पाच वर्षांचं एकदम भरणारा, दोघांचाही दाखला सारखाच दिसतो. राखीव जागेवरच्या उमेदवाराकडे जात पडताळणी प्रमाणपत्र हातात आहे की फक्त अर्जाची पोच, तेही विचारा. २०१८ मध्ये प्रमाणपत्र मुदतीत न दिल्याच्या मुद्द्यावरून कोल्हापूरच्या अनेक नगरसेवकांचं पद धोक्यात आलं होतं. जागा रिकामी झाली तर तुमचं मत पोटनिवडणुकीपर्यंत बिनवाली राहतं.

शेवटी यंत्रापुढची गोष्ट. २०१५ मध्ये एका प्रभागाला एक नगरसेवक होता, म्हणून एकच बटण दाबलं की काम झालं. या वेळी १९ प्रभागांत चार आणि एका प्रभागात पाच जागा आहेत. चार जागांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची, प्रत्येक जागेत एक. जागांच्या मतपत्रिकांचे रंग वेगळे असतात: अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. एकाच यंत्रावर दोन जागांची नावं एकाखाली एक असू शकतात, तेव्हा रंग आणि अक्षर बघा. एका जागेसाठी दोनदा बटण दाबता येत नाही. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथल्या यादीच्या शेवटचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दाबा. चारही झाल्यावरच शेवटचा लांब आवाज येतो. तो येण्याआधी बाहेर पडू नका. चिठ्ठी निघत नाही, कारण या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नाही. घरातल्या वयस्कर माणसांना हे आदल्या रात्री कागदावर चार चौकोन काढून दाखवा. पहिलं बटण दाबून मागं फिरण्याची सवय त्यांच्या हाताला आहे.

चार मतं आहेत म्हणून चारही एकाच पॅनेलला दिली पाहिजेत असं काही नाही. पॅनेलमधला एक चांगला आणि तीन ओढून आणलेले असं चित्र असेल, तर अ जागेला एक आणि क जागेला दुसराच माणूस निवडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कार्यकर्ता ‘चारही बटणं एकाच चिन्हाची दाबा काकू’ म्हणेल. ती त्याची सोय झाली.

मतदानानंतर बिल परत कपाटात ठेवू नका. २० फेब्रुवारी उलटली की माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका: करदर ठरवणाऱ्या ठरावाची प्रत आणि सभेचं इतिवृत्त. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. इतिवृत्तात ठरावाचे सूचक आणि अनुमोदक कोण, विरोध कुणी नोंदवला ते येतं. त्यात तुमच्या प्रभागातले चौघे शोधा.